लाकडी रेल्वे डब्यासाठी जुना माल: चोरबाजार, दारूखाना आणि एक ओतारी

लाकडी अंगाचा जुना प्रवासी डबा दुरुस्तीला घेतला की चित्र बहुतेकदा सारखेच असते: सांगाडा जागेवर, पितळ गायब. दाराच्या मुठी, खिडक्यांचे कॅच, सामानाच्या रॅकचे ब्रॅकेट, दिव्यांच्या वाट्या, टोपी अडकवायच्या खुंट्या, पेचकसाने जे जे निघते ते सगळे कधीच निघून गेलेले असते. पेरांबूरच्या कारखान्यातून १९५५ पासून संपूर्ण पोलादी डबे निघू लागले आणि सागवानी अंगाचे, पोलादी अंडरफ्रेमचे डबे हळूहळू मोडीत गेले. त्यांचे पितळ बहुतांशी वितळले. जे वाचले ते फिरत फिरत मुंबईच्या दोनतीन बाजारांत दिसते, आणि हे परीक्षण त्या बाजारांचे आहे. हौशी संग्राहकाच्या नजरेतून नाही. डबा उभा करायचा आहे अशा माणसाच्या गरजेतून.

निकाल आधीच सांगून टाकू. नमुन्याचा एखादा अस्सल नग हवा असेल तर चोरबाजार. लाकूड हवे असेल तर रे रोड आणि दारूखाना. पूर्ण जोड हवा असेल तर कुठलाच बाजार नाही, ओताऱ्याकडे जायचे.

शेवटच्या वाक्यामागचे गणित असे. डब्याला २० खिडक्या धरा. वरच्या वर्गाच्या खिडकीला तीन झडपा असायच्या: काचेची, लाकडी पट्ट्यांची (लुव्हर) आणि जाळीची. प्रत्येक झडपेला दोन कॅच, म्हणजे १२० नग. एकाच मापाचे, एकाच वळणाचे १२० कॅच एका दुकानात सोडाच, सगळा बाजार पालथा घातला तरी मिळणार नाहीत. पाच मिळाले तरी नशीब. म्हणून पाच चांगले घ्यायचे आणि ११५ ओतून घ्यायचे. महिनोन् महिने बाजारात चकरा मारून सात वेगवेगळ्या जातींचे ४० कॅच गोळा करणे हा पैसे वाया घालवण्याचा सर्वांत रमणीय मार्ग आहे.

बाजारात पाऊल टाकण्याआधी डब्यातच दोन दिवस घालवावेत. प्रत्येक गायब भागाच्या जागी जुन्या रंगावर त्याची सावली राहिलेली असते. तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, पुठ्ठ्याचा फर्मा कापा, आणि स्क्रूच्या भोकांचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून फर्म्यावर लिहा. बाहेरचा आकार थोडा इकडेतिकडे चालतो. भोके चुकली की जुने लाकूड पुन्हा पोखरावे लागते, आणि दोन भोके शेजारी शेजारी पडली की मधला साग सुटून येतो. दाराच्या प्रत्येक भागावर डावा की उजवा हेही लिहा. डब्याच्या दोन बाजूंचे दरवाजे एकमेकांचे आरशातले रूप असतात. सहा मुठी लागणार म्हणजे तीन डाव्या, तीन उजव्या. कुलपाच्या चौकोनी दांड्याची जाडी, दरवाज्याच्या फळीची जाडी, मुठीच्या बुडापासून चौकोनापर्यंतचे अंतर ही मापे नसतील तर मूठ विकत घेऊच नका.

पिशवीत व्हर्नियर, चुंबक, बारीक कानस, टॉर्च, आटे मोजायचा गेज आणि तो फर्मा. लाकडासाठी जाणार असाल तर ओलावा मोजायचे यंत्रही.

चोरबाजार म्हणजे मुख्यतः मटन स्ट्रीट आणि तिच्या गल्ल्या. सँडहर्स्ट रोड किंवा ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येते. जुन्या वस्तूंची दुकाने शुक्रवारी बंद असतात. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरतो तो वेगळा बाजार, आणि तिथे डब्याच्या कामाचे मिळाले तर योगायोग. दुकानांत जायचे तर कामाच्या दिवशी सकाळी जा, कारण पोटमाळ्यावरचे खोके उतरवून दाखवायला दुकानदाराला तेव्हाच सवड असते. दर्शनी कपाटात मांडलेला माल सजावटवाल्या गिऱ्हाइकांसाठी आहे. आपल्याला हवे असते ते मागच्या डालड्याच्या डब्यांत आणि गोणपाटात, काळवंडलेले, चुन्यारंगाने माखलेले. घासून चकचकीत केलेला नग शक्यतो टाळा. घासताना अक्षरे झिजतात, शिवाय एक फसगतही असते. १९२०-३० च्या सुमाराच्या कित्येक वस्तूंवर मुळात निकेलचा मुलामा असायचा. गिऱ्हाइकाला पिवळे आवडते म्हणून तो उतरवला जातो, आणि मग डब्यात सगळीकडे सोनेरी झगमगाट करून आपण अस्सल रूप आणले अशी समजूत होते. बिजागरीच्या आत, स्क्रूच्या डोक्याखाली, चौकोनी भोकात पाहा. मुलाम्याचा अंश तिथे राहतो. किंचित पिवळसर झाक असेल तर निकेल, निळसर असेल तर नंतरचा क्रोम.

चुंबक ही पहिली चाळणी. चिकटले तर पितळेच्या पाण्याखाली लोखंड आहे. न चिकटल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जस्ताच्या मिश्रधातूचे स्वस्त ओतकामही चिकटत नाही. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, दुकानदाराला विचारून कानशीचा एक फटका मारा: पिवळे निघाले तर पितळ, तांबूस निघाले तर गनमेटल (तांबे-कथिलाचा मिश्रधातू), राखाडी-पांढरे निघाले तर ठेवून द्या. पितळेवर गुलाबी डाग दिसले आणि ते घासून जात नसले तर त्यातले जस्त झिरपून गेलेले आहे. असा भाग दिसायला धडधाकट, पण जोर पडला की बिस्किटासारखा तुटतो. टोपीच्या खुंटीला चालेल. दाराबाहेरच्या उभ्या दांड्याला, ज्याला धरून माणूस वर चढतो, तिथे अजिबात नाही.

आता अस्सल की नक्कल. ‘जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) का असली माल’ हे शब्द या गल्लीत फार स्वस्त आहेत. खूण शोधायची ती मापात. अस्सल नगावरूनच साचा घेऊन नक्कल ओतली की ती लहान होते, कारण पितळ थंड होताना फुटामागे दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे सुमारे दीड टक्का आटते. आठ इंची मुठीत एक सूत कमी. व्हर्नियरला ३ मिलिमीटर लपत नाहीत. डब्यात एखादी जरी मूठ शिल्लक असेल तर तिचे माप खिशात ठेवा. त्याहून चांगली कसोटी नाही. शिवाय नकलेत अक्षरांच्या कडा मऊ पडतात, आतल्या कोपऱ्यांत वाळूची रवाळी राहते, आणि झीज सगळीकडे सारखी असते. खरी झीज हात लागतो तिथेच असते: मुठीचे टोक आणि अंगठ्याची जागा गुळगुळीत, बुंध्याजवळचे कोपरे धारदार. स्क्रूची भोकेही बोलतात. जुना माल सरळ खाचेच्या, नंबरी स्क्रूसाठी केलेला असतो. ८ नंबरच्या स्क्रूचा दांडा ४.२ आणि १० नंबरचा ४.८ मिमी. भोक बरोबर ५ मिमी आणि कडा करकरीत असेल तर ड्रिल अलीकडचे आहे.

एनॅमलच्या पाट्यांत तर नकलांचा सुळसुळाट. खऱ्या एनॅमलवर बोट फिरवले की अक्षराचा थर किंचित उंच लागतो, आणि टवका उडालेल्या जागी आधी काळसर अस्तर, मग गंज दिसतो. नुसता छापील रंग एका पातळीत असतो. मजकूरही तपासा. साखळी ओढल्याबद्दल १००० रुपये दंड लिहिलेली पाटी १९८९ च्या रेल्वे कायद्यानंतरची. १९२०च्या सागवानी डब्यात ती लावणे म्हणजे पेशव्याच्या मनगटावर घड्याळ. ‘तिसरा वर्ग’ १९७४ पर्यंत होता, म्हणून ती पाटी चालेल, पण तुमचा डबा तिसऱ्या वर्गाचा होता का, हे आधी ठरवा. वरच्या वर्गाच्या मुठी आणि खालच्या वर्गाची पाटी असा संकर हॉटेल केलेल्या डब्यांत फार दिसतो.

एकंदर चोरबाजाराला गुण द्यायचे तर नमुन्यांच्या दृष्टीने उत्तम, भावाच्या दृष्टीने वाईट. भाव वजनावर नसतो, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असतो. कंपनीची अक्षरे असलेला नग आणि तसाच अक्षराविना नग यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अक्षरांचा एक घ्या, बाकीचे बिनअक्षरी; डब्यात बसवल्यावर सहा फुटांवरून कुणाला दिसत नाही.

विकत घेण्याआधी अस्सल भाग जागेवर पाहिलेले असावेत. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्सचा १८७५ चा आणि म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा सलून आहे, म्हैसूरच्या संग्रहालयात महाराणींचा सलून आहे, आणि नॅरोगेजसाठी नागपूरचे मोतीबाग. सलून म्हणजे साधा प्रवासी डबा नव्हे हे लक्षात ठेवून पाहा. पाहण्यासारखे आहे ते जोडकाम: पट्टी कुठे संपते, स्क्रूचे डोके उघडे आहे की लाकडी बुचाखाली.

आता ओतकाम. पितळी छोट्या भागांसाठी मुंबई-पुण्यातले लहान ओतारी बरे. जामनगरकडे पितळी सुट्या भागांचा मोठा उद्योग आहे, पण तो हजारांच्या हिशेबात चालतो, ११५ नगांत कुणी रस घेत नाही. रॅकचे ब्रॅकेट किंवा बाकाचे पाय बिडाचे असतील तर कोल्हापूरच्या फाउंड्र्या. बीड फुटामागे एक सूत आटते, पितळेपेक्षा कमी, त्यामुळे दोन्हींसाठी एकच पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना) वापरू नका.

अस्सल नग थेट पॅटर्न म्हणून दिला तर तो आटलेल्या मापाचा माल निघेल. ६० मिमीच्या कॅचमध्ये फरक ०.९ मिमीचा. कागदावर किरकोळ, पण खाचेत सरकणारी जीभ असेल तर झडप कायमची खडखडते. उपाय दोन. पहिला, नगाच्या ज्या बाजू बसायच्या किंवा सरकायच्या आहेत तिथे इपॉक्सी पुट्टीचा थर चढवून माप वाढवायचे. जिथे कानस किंवा लेथ चालणार आहे तिथे वर आणखी २ मिमी. दुसरा, आटीच्या पट्टीने (आट धरून वाढीव खुणा केलेल्या मोजपट्टीने) लाकडी पॅटर्न नव्याने करून घेणे. ५० च्या वर नग असतील तर दुसराच परवडतो. भोके ओतीव ठेवू नका. ती नंतर जिग (ड्रिलला जागा दाखवणारा फर्मा) लावून पाडा, नाहीतर प्रत्येक नगाची भोके वेगळी येतात. भंगार पितळ वितळवून ओतायचे असेल तर त्यात नळाच्या तोट्या आणि मुलाम्याचे तुकडे मिसळू देऊ नका, रंग नगागणिक बदलतो. पहिल्या खेपेला दहाच ओता, डब्यात बसवून पाहा, मग बाकीचे.

लाकडाकडे वळू, कारण वजनाने आणि पैशाने डब्याचा मोठा भाग तोच. रे रोड स्टेशनच्या परिसरात लाकडाच्या वखारी आहेत, पलीकडे दारूखान्याला जहाजतोडीचा आणि भंगाराचा बाजार. पाडलेल्या चाळी आणि वाडे यांच्या तुळया, जिन्याच्या फळ्या, जहाजावरचे सागवान असे सगळे येथून जाते. पुण्यात भवानी पेठेतले टिंबर मार्केट त्याच कामाचे. हिशेब घनफुटांवर: ६ फूट लांब, ६ इंच रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट.

किती घ्यावे? डब्याची एक बाजू १० मीटर, खालच्या पॅनेलची उंची ०.९ मीटर, फळीची जाडी १९ मिमी धरली तर दोन्ही बाजूंना मिळून १८ चौरस मीटर, म्हणजे ०.३४ घनमीटर, सुमारे १२ घनफूट. हे झाले पूर्ण रंधलेले लाकूड. जुन्या तुळईतून खिळ्यांची भोके, भेगा, करवतीचा भुसा आणि बाहेरचा सडका थर काढला की निम्मे हाती लागले तर चांगले. म्हणजे २४ घनफूट घ्या, आणि एकाच खेपेला घ्या. सहा महिन्यांनी त्याच रंगाचे लाकूड मिळत नाही.

‘बर्मा टीक’ असे तोंडी सांगितले जाते ते अनेकदा बल्लारशाकडचा, ज्याला सीपी टीक म्हणतात, तो साग असतो. तो जास्त गडद, जास्त नक्षीदार. वाईट मुळीच नाही, फक्त एका बाजूला दोन्ही मिसळू नका. खरी काळजी ‘आफ्रिकन टीक’ची, म्हणजे सागाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या दुसऱ्याच लाकडाची. ताजा छिलका काढून हुंगा: सागाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला मेणचटपणा लागतो. रंधा दोन्ही दिशांनी मारून पाहा. कोणत्याही दिशेने तंतू उपटत असतील तर तो बहुधा साग नाही. कडेचे पांढरट लाकूड बाहेरच्या अंगाला नको, वाळवी आणि कुज तिथूनच शिरते.

पावसाळ्यात उघड्यावर भिजलेल्या तुळईचा ओलावा बाहेरून कमी दिसतो. टोकापासून फूटभर आत कापून मधोमध मोजा. १२ टक्क्यांच्या आसपास आले तरच टंग-ग्रूव्ह (एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसवणारा सांधा) काढा. ओल्या लाकडात काढलेली जीभ पहिल्या उन्हाळ्यात खाचेतून बाहेर येते आणि बाजूच्या फळ्यांमधून उजेड दिसू लागतो. यंत्रावर घालण्याआधी खिळे शोधायचे यंत्र फिरवा. डोके तुटलेला एक खिळा रंध्याच्या पात्यांचा पूर्ण संच खातो, आणि मग रंधा मशीनवाला पुन्हा जुने लाकूड घेत नाही.

कँट रेल (बाजूच्या भिंतीच्या माथ्यावरची, छत पेलणारी लांब तुळई) सारख्या लांब तुकड्यांना एकसंध साग मिळणार नाही. तिरपा सांधा करावा लागतो. जाडीच्या आठपट लांब, म्हणजे ७५ मिमी जाडीला ६०० मिमी. सागाचे तेल डिंकाला वैरी, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा आणि पाऊण तास नव्हे, पंधरा-वीस मिनिटांत इपॉक्सी लावा. पितळी स्क्रू घालताना आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू आत फिरवून बाहेर काढा, मग पितळी मेण लावून घाला. सरळ घातला तर मान तुटते आणि अर्धा दांडा लाकडात राहतो.

दारूखान्यातच दिवे, कड्या, खुंट्याही असतात, पण त्या बहुतेक जहाजाच्या. अलंगला, म्हणजे त्रापजकडून जाणाऱ्या रस्त्यालगतच्या दुकानांत, हाच माल भरपूर आणि चोरबाजारापेक्षा स्वस्त. घडीचे बेसिन, कोटाच्या खुंट्या, टॉवर बोल्ट यांसाठी जाणे वसूल होते, तेही नगांची यादी मोठी असेल तरच. जहाजी दिवे मात्र जाड, जाळीदार, पाणबंद असतात. डब्याच्या छताला लावले की बोटीची केबिन वाटते.

जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात रेल्वेचा माल जवळजवळ नाही. नक्षी कोरलेल्या काचा आणि वेत विणणारे कारागीर यांच्यापुरते तिकडे जा.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे डब्याचे भाग नाहीत, हत्यारे आहेत, आणि ती लागतात. जुने बोल्ट व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) आट्यांचे: अर्धा इंचाला इंचामागे १२ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. आजच्या अमेरिकन मापाच्या अर्धा इंची नटला १३ आटे असतात; दोन फेरे छान जातो, मग अडकतो, आणि जोर लावणारा दोन्हींचे आटे मारतो. ३/८ ला तर दोन्हीकडे १६ च आटे, फक्त कोन वेगळा, म्हणून नट पूर्ण बसतो पण पकड कच्ची राहते. पान्यावर ‘१/२ डब्ल्यू’ असेल तर तो बोल्टचा व्यास आहे, पान्याचे तोंड २३.४ मिमी. २४ चा मेट्रिक पाना लावून गंजलेल्या नटचे कोपरे गोल करणे हा नेहमीचा अपघात.

थेट रेल्वेकडून घ्यायचे तर मोडीचा माल आता आयआरईपीएसच्या (रेल्वेच्या ऑनलाइन खरेदी-विक्री संकेतस्थळाच्या) ई-लिलावात विकला जातो. नोंदणी, डिजिटल सही, अनामत, ठरल्या मुदतीत उचल, उशीर झाला तर जागाभाडे, जीएसटी वेगळा. पूर्ण लॉट घ्यावा लागतो. हव्या त्या मुठी निवडता येत नाहीत. लाकडी अंगाचे डबे क्वचित निघतात, आणि निघतात ते बहुधा रेल्वे खात्याच्या स्वतःच्या वापरात राहिलेले. पाहणीची मुदत असते, तेव्हा प्रत्यक्ष जाऊन आत पाहा. व्यवहारात जास्त फळणारा रस्ता म्हणजे लॉट घेतलेल्या भंगार ठेकेदाराला तोडणी सुरू होण्याआधी गाठणे. एकदा गॅस कटर लागला की सागाचे टोक जळते आणि पितळ ढिगात जाते.

कुठूनही घ्या, पावती घ्या. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ प्रमाणे संशयास्पद रेल्वे माल बाळगणाऱ्यालाच तो कायदेशीर मार्गाने मिळाल्याचे दाखवावे लागते. पावतीवर नुसते ‘जुने पितळ’ नको. नगांची संख्या, वर्णन, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक हवा, आणि लिलावातला माल असेल तर लॉट क्रमांकही. प्रत्येक नगाचा खरेदीच्या दिवशीच फोटो काढून ठेवा. विक्रेता बिल द्यायला कां-कूं करू लागला तर तो नग कितीही सुंदर असला तरी सोडा. साग जिल्ह्याबाहेर न्यायचा असेल तर वनखात्याच्या वाहतूक परवान्याची चौकशी ट्रक भरण्याआधी करा.

पंखे वेगळे सांगावे लागतात. डब्यातले जुने पंखे २४ किंवा ११० व्होल्ट डीसीचे. दुकानात ते घरच्या विजेवर चालतील असे सांगून विकले जातात. तसे चालत असतील तर आतली गुंडाळी बदललेली आहे, नाहीतर जोडताक्षणी धूर निघेल. नामपट्टी वाचा, कार्बन ब्रश आणि कम्युटेटर उघडून पाहा, ५०० व्होल्ट मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर) एक मेगाओमच्या वर यायला हवे. गुंडाळी बदलू नका; नामपट्टीवरच्या अँपिअरच्या दीडपट क्षमतेचा डीसी पुरवठा लावा.

काही गोष्टी जुन्या घेऊच नयेत: वायर, रबर, छताचे कॅनव्हास, व्हॅक्यूम ब्रेकच्या रबरी नळ्या, काथ्याची किंवा केसांची गादी. करड्या, तंतुमय पत्र्यासारखे पॅनेल किंवा पाइपावरचे पांढरे वेष्टन मिळाले तर ते ॲस्बेस्टॉस असू शकते. फोडू नका, तपासून घ्या. आणि जुन्या रंगात शिसे आहे असे धरूनच चाला. कोरडे पॉलिशपेपर मारू नका, ओले करून खरवडा, मास्क साध्या कापडाचा नको, खरवड गोळा करून बंद पिशवीत ठेवा. रंग लागलेले सागाचे उरलेसुरले तुकडे वखारवाला किंवा सुतार चुलीसाठी मागतो; ते देऊ नका.